वीज केंद्राचं पहिलं गिऱ्हाईक

औष्णिक वीज केंद्र सुरू करायला वीज लागते, हे थोडं समजावून सांगितलं की कुणालाही पटतं. ते बंद करायलाही वीज लागते, हे मात्र सहसा पटत नाही. लाल बटण दाबलं की संपलं, असं वाटतं.

बटण दाबल्यावर काय होतं ते सांगते. २१० मेगावॉटचा संच घेऊ. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, नाशिक, परळी, भुसावळ, सगळीकडे याच आकाराच्या संचांवर आमच्यासारखे इंजिनिअर घडले. संच ट्रिप झाला की टर्बाइनकडे जाणारी वाफ क्षणात तुटते. पण मिनिटाला ३००० फेरे घेणारा तो अवजड रोटर तिथल्या तिथे थांबत नाही. अर्धा-पाऊण तास तो नुसत्या वेगावर फिरत राहतो. रोटर ज्या बेअरिंगांवर टेकलेला असतो तिथे धातूला धातू लागत नाही, मध्ये तेलाचा पातळ थर असतो. वेग पुरेसा असेपर्यंत शाफ्टवर बसवलेला पंपच हे तेल पुरवतो. वेग उतरला की त्याचं काम एसी मोटारीच्या पंपाने घ्यायचं. आणि केंद्रातली एसी वीजच गेलेली असेल तर? तर बॅटरीवर चालणारा डीसी पंप सुरू झालाच पाहिजे. तो झाला नाही तर बेअरिंगांचा मऊ पांढरा धातू वितळतो आणि रोटर घासत, ओरबाडत थांबतो. त्यानंतर तो संच पुढचे कित्येक महिने वीज देत नाही.

एवढ्यावर भागत नाही. जनरेटरच्या आत थंडाव्यासाठी हायड्रोजन भरलेला असतो. तो शाफ्टच्या फटीतून बाहेर येऊ नये म्हणून तिथे दाबाखाली सील ऑइल फिरवावं लागतं. त्यालाही शेवटचा आधार डीसी पंपाचाच. रोटर थांबल्यावरसुद्धा तो गरम असेपर्यंत सावकाश फिरवत ठेवावा लागतो, कधी दोन-दोन दिवस. एका जागी उभा राहिला तर वरची बाजू गरम, खालची त्यामानाने थंड, आणि तो वाकतो. या सावकाश फिरवण्याला आम्ही बारिंग म्हणतो. वीज नसेल तेव्हा माणसं ठरावीक वेळाने हाताने रोटर अर्धा फेरा फिरवतात.

माझी सगळी नोकरी याच वीजपुरवठ्यावर गेली: केंद्राने बाहेर पाठवलेल्या विजेवर नाही, तर केंद्राने स्वतःसाठी वापरलेल्या विजेवर. कामाच्या भाषेत याला ‘ऑक्झिलरी’ म्हणतात, कागदोपत्री ‘सहाय्यक यंत्रणा’. सहाय्यक म्हटलं की दुय्यम वाटतं, म्हणून तरुण इंजिनिअर तिकडे जायला कुरकुरतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख लिहिते आहे.

आधी आकडे बघू. कोळशावरचं केंद्र जेवढी वीज तयार करतं त्यातली साधारण सहा ते नऊ टक्के स्वतःच खातं. जुन्या २१० मेगावॉटच्या संचात हे सतरा-अठरा मेगावॉट होतात, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाला पुरून उरेल इतकी वीज. कुठे जाते ती? बॉयलरला पाणी देणारा फीड पंप, बीएफपी, याची एकेक मोटार चार मेगावॉटची. असे पंप तीन, त्यातले दोन चालू, एक तयार. भट्टीला हवा देणारे एफडी फॅन, कोळशाची भुकटी उडवत नेणारे पीए फॅन, धूर ओढून चिमणीकडे ढकलणारे आयडी फॅन. कोळसा दळणाऱ्या मिल. कंडेन्सर थंड ठेवण्यासाठी नदीसारखा प्रवाह फिरवणारे सीडब्ल्यू पंप. मोठ्या मोटारींना ६.६ किलोव्होल्ट, लहानांना ४१५ व्होल्ट, नियंत्रण आणि संरक्षणासाठी २२० व्होल्ट डीसी. शिवाय यूपीएस, डिझेल जनरेटर, आणि मैलोन्‌मैल केबल. केंद्राचं पहिलं गिऱ्हाईक ते स्वतःच असतं, आणि या गिऱ्हाइकाचं भारनियमन करता येत नाही.

मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून आले तेव्हा पहिली नेमणूक कोळसा हाताळणी विभागात झाली, सीएचपीत. बरोबरच्यांनी सहानुभूती दाखवली. कंट्रोल रूम मिळालेले नशीबवान, टेस्टिंग मिळालेले हुशार आणि सीएचपी मिळालेले राहिलेले, असा तेव्हा समज होता, आजही आहे. मला तो तेव्हाही पटला नाही. इलेक्ट्रिकलच्या माणसाला मोटार खरी समजते ती सीएचपीतच.

२१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालला की तासाला दीडशे टनांच्या आसपास कोळसा जाळतो. तो वाघिणीतून वॅगन टिपलरवर उलटा होतो, क्रशरमधून बारीक होतो आणि एकामागून एक पट्ट्यांवरून चढत चढत बॉयलरच्या डोक्यावरच्या बंकरमध्ये पडतो. या पट्ट्या सुरू करायचा क्रम उलटा असतो. सगळ्यात शेवटचा पट्टा आधी सुरू, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा. मधला एक बंद पडला की त्याच्या मागचे सगळे आपोआप थांबले पाहिजेत, नाहीतर थांबलेल्या पट्ट्यावर मागचा कोळसा ओतला जाऊन डोंगर होतो. या आपोआप थांबण्याच्या सोयीला इंटरलॉक म्हणतात. पट्टा खरंच फिरतो आहे का हे सांगणारा झिरो स्पीड स्विच, पट्टा बाजूला सरकला तर कळवणारा स्विच आणि गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली दोरी, पुल कॉर्ड. कुणी अडकलं, कुणी पडलं, तर ती दोरी ओढायची आणि पट्टा थांबवायचा. इतकी साधी वस्तू. तिच्या स्विचमध्ये कोळशाची धूळ आणि पावसाचं पाणी मिळून काळा चिखल होतो, मग एकतर पट्टा विनाकारण थांबतो किंवा दोरी ओढूनही थांबत नाही. पहिल्या प्रकाराची तक्रार दिवसातून दहादा येते. दुसऱ्याची येत नाही, कारण कुणी दोरी ओढल्याशिवाय तो कळतच नाही. म्हणून तो आपणच जाऊन, ओढून, तपासायचा असतो. दर आठवड्याला गॅलरीभर चालत दोऱ्या ओढून बघणं हे इंजिनिअरचं काम आहे का, असं मला विचारलं जायचं. हो, आहे.

विदर्भातला पावसाळा सीएचपीची परीक्षा घेतो. ओला कोळसा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर सोडणाऱ्या चूटमध्ये चिकटून बसतो, पट्टे तुंबतात, मोटारी ओव्हरलोडवर ट्रिप होतात. वरून फोन येतात, बंकरची पातळी उतरते आहे, मोटार रिसेट करा, परत सुरू करा. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते आणि त्या काही सेकंदांत तिचं वाइंडिंग तापतं. मोठ्या गरम मोटारीला लागोपाठ दोनदा सुरू केल्यावर तिसऱ्यांदा लगेच सुरू करायचं नसतं. तिला थंड होऊ द्यायचं असतं. फोनवरच्या माणसाला ‘आता नाही’ सांगता येणं, आणि का नाही ते दोन वाक्यांत समजावता येणं, ही या नोकरीतली मोठी पात्रता आहे. ती कुठल्याही परीक्षेत तपासली जात नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. पावसाळ्यात चालू मोटारीपेक्षा बंद मोटारीची काळजी जास्त करायची. चालू मोटार स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते. स्टँडबाय म्हणून उभी असलेली मोटार दमट हवेतला ओलावा शोषते, आणि गरज पडेल त्या रात्री, बटण दाबताक्षणी, जळते. म्हणून तिच्यात छोटा हीटर असतो, मोटार बंद झाली की आपोआप चालू होणारा. तो चालू आहे का, हे हात लावून कळतं. आणि मेगर लावायचा. वाइंडिंग आणि मोटारीचं अंग यांच्यामधलं इन्सुलेशन किती मजबूत आहे ते मेगर सांगतो. एका मिनिटाचं रीडिंग, दहा मिनिटांचं रीडिंग, त्यांचं गुणोत्तर. ते दोनच्या वर असेल तर वाइंडिंग निरोगी, एकाच्या जवळ आलं तर आत ओल किंवा मळ. घाईत लोक एका मिनिटावर थांबतात. दहा मिनिटं हँडल धरून उभं राहणारा माणूस मला नेहमी विश्वासाचा वाटला.

आता बॅटरीकडे येते, कारण या सगळ्याचा शेवटचा आधार तिथे आहे.

केंद्राची बॅटरी रूम बाहेरच्या कुणी पाहिलेली नसते. दोन व्होल्टचे शंभराहून अधिक सेल रांगेत मांडलेले, शिशाच्या प्लेटा, पातळ आम्ल. हवेला आंबटसर वास. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, म्हणून एक्झॉस्ट पंखा चालू हवा आणि आत ठिणगी पडेल असं काही नको. नोंदवहीत ठरलेल्या सेलचं व्होल्टेज, आम्लाची घनता, तापमान. हे काम इतकं शांत असतं की इथे वर्षानुवर्षं काही घडत नाही, आणि तोच धोका आहे. चार्जर चालू असेपर्यंत मेलेल्या बॅटरीचंही व्होल्टेज बरोबर दिसतं. ती खरंच भार उचलेल का, हे फक्त एका मार्गाने कळतं: चार्जर काढून तिला मुद्दाम रेझिस्टन्सवर उतरवायचं आणि दर ठरावीक वेळाने प्रत्येक सेलचं व्होल्टेज लिहायचं. ही डिस्चार्ज टेस्ट. तिला वेळ लागतो, पर्यायी बॅटरीची सोय लागते, आणि तिच्यातून एक युनिटही वीज मिळत नाही. त्यामुळे ‘पुढच्या शटडाऊनमध्ये करू’ म्हणून ढकलली जाणारी पहिली गोष्ट हीच असते. केंद्रातल्या सगळ्या काटकसरींत ही मला सर्वांत वाईट वाटते, आणि मी तसं प्रत्येक बैठकीत बोलत आले.

डीसी पुरवठ्याचा एक गुण सांगायला हवा. त्याचा ना प्लस जमिनीला जोडलेला असतो, ना मायनस. का? एखाद्या ठिकाणी वायर खरवडून अर्थ झाली तरी पुरवठा तुटू नये म्हणून. एक अर्थ सहन होते. पण त्या अवस्थेत दुसऱ्या ठिकाणी दुसरी अर्थ झाली, तर ब्रेकर विनाकारण पडू शकतो, किंवा पडायला हवा तेव्हा पडत नाही. म्हणून पॅनेलवर ‘डीसी अर्थ’चा दिवा लागला की दुसरीची वाट न बघता पहिली शोधायची. हजारो वायरी, शेकडो जंक्शन बॉक्स. फीडर एकेक क्षणभर उघडून बघायचा, दिवा विझला तर दोष त्यात. पण ज्या फीडरवर टर्बाइनचं संरक्षण आहे तो असा उघडता येत नाही. त्यासाठी कंट्रोल रूमशी बोलून, एकेक सर्किटचा विचार करून, पुढे सरकायचं. कधी अख्खी रात्रपाळी जाते.

आमच्याकडे एक जुने टेक्निशियन होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. आयटीआय झालेले, राज्य विद्युत मंडळाच्या काळातले. पहिल्याच पावसात डीसी अर्थ आली तेव्हा मी ड्रॉइंगची भेंडोळी उघडून बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, पाणी कोन्या बाजूनं झोडपून रायलं, ते पाहा पयले.” त्या रात्री पश्चिमेकडून सपकारे येत होते. बॉयलरच्या पश्चिम अंगाला किती जंक्शन बॉक्स आहेत, त्यातल्या कुणाची झाकणं उन्हाळ्यातल्या कामात उघडली होती, एवढंच बघायचं उरलं. बॉक्स सापडला, गॅस्केट नव्हतं. ड्रॉइंग वाचता आलंच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. भाऊंनाही ते येत होतं. पण कोणतं ड्रॉइंग आधी उघडायचं हे त्यांनी मला शिकवलं.

याच भाऊंची दुसरी आठवण परमिटची आहे. कोणत्याही यंत्रावर काम करायचं तर आधी लेखी परवाना निघतो. त्या मोटारीचा ब्रेकर रॅक आऊट करायचा, म्हणजे त्याच्या जागेवरून बाहेर ओढायचा, कुलूप लावायचं, ‘माणसं काम करत आहेत’ अशी पाटी अडकवायची, पुरवठा खरंच गेला आहे हे तपासायचं, आणि मगच माणसं आत सोडायची. एकाच पट्ट्यावर तीन वेगळ्या गटांचं काम असेल तर तीन परमिट, तीन कुलपं. एका ठिकाणी, केंद्राचं नाव मी देत नाही, पाळी बदलताना असा प्रसंग आला. बंकर उतरला होता, पट्टा सुरू करायची घाई होती. रजिस्टरप्रमाणे सगळी परमिटं परत आलेली होती. भाऊ ब्रेकर आत टाकायला गेले तर एक कुलूप लटकत होतं. किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुलूप विसरलं असेल, तोडा, असा निरोप वरून आला. भाऊंनी नकार दिला. “कुलूप आहे तवर मोटार नाही, जी.” दुसऱ्यांदा फोन आला, चढ्या आवाजात. ते जागचे हलले नाहीत. मी गॅलरीत माणूस पाठवला. चूटच्या आत कंत्राटदाराची माणसं चिकटलेला कोळसा सळईने खरवडत होती. त्यांचं परमिट आधीच्या पाळीच्या पानावर राहिलं होतं.

त्या माणसांपैकी कुणालाही परमिटचा कागद वाचता येत नव्हता, कारण तो इंग्रजीत होता. पुढे मी जिथे जिथे अधिकारात होते तिथे मराठी आणि हिंदीतलं परमिट छापून घेतलं, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं कुलूप स्वतः लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, अशी पद्धत लावली. आजही अनेक ठिकाणी हा कागद फक्त इंग्रजीत निघतो. ते बदलायला पैसा लागत नाही.

मोठ्या दुर्घटनांमध्ये सहाय्यक यंत्रणांचा वाटा काय असतो, हे समजायला आपल्याच देशातलं उदाहरण पुरेसं आहे. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात नरोरा अणुऊर्जा केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या पहिल्या संचात टर्बाइनची दोन पाती तुटली. तोल जाऊन प्रचंड कंपनं झाली, जनरेटरची सीलं निकामी झाली, हायड्रोजन बाहेर येऊन पेटला, मग तेल पेटलं, मग केबल. एक पुरवठा गेला तर दुसरा हवा म्हणून वेगवेगळे पुरवठे ठेवलेले होतेच. पण त्यांच्या केबल पुरेशा अंतराने, वेगळ्या वाटांनी नेलेल्या नव्हत्या. एकच आग सगळ्यांना पुरली. संच सुमारे सतरा तास विजेविना राहिला. कंट्रोल रूममध्ये धूर भरला. अणुभट्टी बंद झालेली होती, पण ती बंदच राहावी म्हणून कर्मचारी टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचं द्रावण सोडलं. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी थंडाव्याचं पाणी पोहोचवलं. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. त्या माणसांची नावं शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

इलेक्ट्रिकलच्या माणसाने नरोराकडून काय घ्यायचं? केबल कोणत्या ट्रेमधून न्यायची, भिंतीतून आरपार जाते तिथलं भोक आग अडवणाऱ्या पदार्थाने भरलं का, हे प्रश्न ‘साइटवर बघून घेऊ’ म्हणण्याचे नाहीत. नवी केबल टाकताना ते भोक फोडतात आणि पुन्हा बुजवायचं राहून जातं. प्रत्येक ओव्हरहॉलनंतर केबल गॅलरीत टॉर्च घेऊन फिरलं की अशी भोकं सापडतात.

जपानच्या फुकुशिमा अणुऊर्जा केंद्राचं सगळं सांगत नाही, ते बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. ११ मार्च २०११ ला त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटर आणि स्विचगिअर असलेल्या तळघरांत शिरलं. काही संचांची बॅटरीही गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या जमवून मोजमापाची उपकरणं जिवंत केली. याच केंद्रात सहाव्या संचाचा एक डिझेल जनरेटर हवेने थंड होणारा आणि उंचावर होता. तो वाचला, आणि त्याच्यामुळे पाचवा आणि सहावा संच वाचले. जनरेटर कोणत्या मजल्यावर ठेवायचा, हा निर्णय कधीतरी एखाद्या टेबलावर, बहुधा जागेच्या सोयीने झालेला असतो.

आता नोकरीचं. ज्यांची मुलं-मुली इलेक्ट्रिकल घेतात ते पालक मला हमखास विचारतात, सगळं सोलर होणार, मग या कामाला पुढे काय? माझं उत्तर असं की काम कमी होत नाही, अवघड होतं आहे. दुपारी सौर वीज भरपूर येते तेव्हा कोळशाच्या संचांना भार उतरवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी आधी ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरण्याची क्षमता मागितली आहे. संध्याकाळी सूर्य मावळला की पुन्हा वर. जे संच एका भारावर महिनोन्‌महिने चालायचे म्हणून बनवले, ते रोज खाली-वर करतात. पंप, फॅन, मिल रोज थांबतात, रोज सुरू होतात. म्हणजे मोटारींचं, ब्रेकरचं आयुष्य पूर्वीपेक्षा लवकर झिजतं. पंख्यांना आता व्हीएफडी बसवतात. जुन्या पद्धतीत पंखा पूर्ण वेगाने फिरायचा आणि हवा कमी हवी असेल तर पुढे झडप ओढायची. व्हीएफडीने पंख्याचा वेगच कमी करता येतो, आणि वेग ८० टक्के केला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. हे नीट बसवणं, त्यातले हार्मोनिक सांभाळणं, जुन्या मोटारीचं इन्सुलेशन त्याला टिकेल का ते बघणं, याला जाणकार माणूस लागतो.

आणि जे इथे शिकाल ते दुसरीकडेही चालतं. बॅटरी, यूपीएस, डिझेल सेट, आपोआप बदलणारा पुरवठा, संरक्षण रिले, हेच रुग्णालयात लागतं, मेट्रोत लागतं, नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये लागतं. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं आज तिथे आहेत.

वाटा कोणत्या? आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालात तर टेक्निशियन. डिप्लोमा झाला तर कनिष्ठ अभियंता, पदवी असेल तर त्याच्या वरून सुरुवात. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं तेव्हापासून राज्याच्या मालकीची वीजनिर्मिती महानिर्मिती कंपनीकडे आहे. मौदा आणि सोलापूरला एनटीपीसी आहे, तारापूरला अणुऊर्जा महामंडळ, तिरोड्यासारखी खासगी केंद्रं आहेत. एनटीपीसी आणि अणुऊर्जा महामंडळ पदवीधरांना घेताना ‘गेट’ परीक्षेचे गुण बघतात. नागपूरला राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था आहे, तिथलं शिक्षण या क्षेत्रासाठीच आखलेलं आहे. पण कामावर असलेल्यांपैकी फार मोठा वर्ग कंत्राटदारांकडे आहे, आणि मोटारीच्या जवळ, पट्ट्याच्या जवळ, चूटच्या आत तोच असतो. त्याला दर वर्षी नवा कंत्राटदार, नवं ओळखपत्र. दहा वर्षं त्याच स्विचगिअरवर काम केलेला माणूस कागदावर दर वेळी नवखा ठरतो. त्याचा अनुभव कुठेही नोंदला जात नाही. केंद्राच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने मला ही गोष्ट बॅटरी टेस्ट टाळण्याइतकीच घातक वाटते, कारण कुलूप तोडायला नकार द्यायचं धैर्य ज्याची नोकरी पुढच्या महिन्यात राहील की नाही ठाऊक नाही त्याच्याकडून मागणं अन्याय आहे. भाऊ कायम नोकरीत होते. त्या रात्रीच्या नकारामागे तीही ताकद होती.

परवा एका पॉलिटेक्निकमध्ये बोलायला गेले होते. शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने विचारलं, मुलाखतीत आम्ही त्यांना काही विचारू शकतो का? जरूर विचार, मी म्हटलं. पगाराचं विचार, पाळ्यांचं विचार, महिलांसाठी रात्रपाळीला काय व्यवस्था आहे ते विचार. मग परमिट कोणत्या भाषेत निघतं ते विचार, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे असते तेही. केबल गॅलरीतली फायर सीलिंग शेवटची कधी तपासली, आणि २२० व्होल्ट बॅटरीची शेवटची डिस्चार्ज टेस्ट कोणत्या महिन्यात झाली, तिची नोंद बघायला मिळेल का, हेही विचार. ती वहीत लिहून घेत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, एवढं विचारलं तर घेतील का? मी त्याला सांगितलं की मी स्वतः अनेक वर्षं मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे, आणि असं विचारणारा उमेदवार आला असता तर त्याला त्याच आठवड्यात सीएचपीत रुजू करून घेतलं असतं.